अर्धं घासलेलं कपाट

अंबाडी नाक्यावर एक लांबलचक कंटेनर वळताना अडकला आणि वाड्याकडची, भिवंडीकडची सगळीच वाहनं जागच्या जागी थांबली. त्या गर्दीतून बाइक कशीबशी बाजूला घेऊन तो आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

आषाढ सरत आला होता. पावसाचं कौतुक केव्हाच संपलेलं... नुसती रिपरिप. डब्यांच्या झाकणांवर गंज, भिंतीला ओल, आणि रस्त्यावरचा चिखल येणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर आत. अशा दिवसांत रंगाच्या दुकानात येतंय कोण?

"आत या. भिजताय," मी म्हटलं.

तो आत आला. हेल्मेट काढलं, रुमालानं तोंड पुसलं. मग आडोशाला आलोय तर काहीतरी घ्यायला हवं, अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघू लागला. खिळे, कड्या, ब्रश... शेवटी त्याची नजर दोरीला लटकवलेल्या पॉलिश पेपरवर थांबली.

"तो कागद द्या."

"कितवा नंबर?"

त्याला माहीत नव्हतं. लाकडासाठी हवाय एवढंच माहीत होतं. जुनं कपाट आहे, स्वयंपाकघरातलं, जाळीचं, असं म्हणाला.

"रंग काढायचाय, की नुसतं गुळगुळीत करायचंय?"

साधा प्रश्न होता. दिवसातून चार वेळा मी तो विचारते. पण तो हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिला, मी भलतंच काही विचारल्यासारखा.

"ते अजून ठरलं नाही," तो म्हणाला.

"मग कागद कशाला घेताय?"

"ठरलं... तर घरात असावा."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याचं हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं. मी जाड आणि बारीक, दोन्ही कागद गुंडाळून रबर लावून दिले आणि सांगितलं, की पावसाळ्यात पॉलिश करू नका, हवेतल्या ओलीनं ते पांढरं पडतं. काय करायचं ते दसऱ्यानंतर करा. "म्हणजे वेळ आहे," तो म्हणाला. का कोण जाणे, त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

दुकान आमच्या बाबांचं. तुळशीराम हार्डवेअर. बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते. बाबा मागच्या खोलीत खाटेवर पडून सगळं ऐकत असतात. माझी स्थळं यायची, पोहे खाऊन जायची. बापाला आणि दुकानाला सोडून ही पोरगी येणार नाही, असं पुढे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मीही फार वाद घातला नाही. नाक्यावरचे मिस्त्री, प्लंबर, वीटभट्टीवाले सगळे मला ताई म्हणतात. ताई म्हटलं की माणूस निम्मा म्हातारा होतो.

तो मात्र ताई म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात परत आला तेव्हाही नाही.

"कागद संपला?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे, कमी पडेल असं वाटतंय."

"ठरलं का मग?"

"अजून नाही."

असा तो येऊ लागला. नाव धनेश. भिवंडीजवळच्या वळ गावचा. शेजारच्या पूर्णाला एका गोदामात शिफ्टचं काम त्याच्याकडे होतं. घरची जमीनही अशाच एका गोदामाखाली गेलेली. एकदा कागद, एकदा ब्रश, एकदा लाकडाच्या भेगांत लांबी भरायची पत्ती. चहा आला की अर्धा मी त्याच्यासमोर सरकवायची. तो बशीत ओतून प्यायचा आणि मला त्या कपाटाबद्दल सांगायचा. वर जाळीची दारं, मधे दोन खण, खाली लाकडी दारं. सागवान, पक्कं. वरून हिरवा ऑइल पेंट, थरावर थर.

"हिरवा काढला तर आत काय निघेल?" एकदा त्यानं विचारलं.

"लाकूड निघेल. दुसरं काय निघणार?"

"लाकूड चांगलं नसलं तर?"

"मग परत रंग द्यायचा. आहे ना दुकान माझं."

"म्हणजे काहीही झालं तरी मला इथेच यावं लागणार."

"मी कुठे म्हटलं तसं?" मी म्हटलं आणि उगाच खिळ्यांचं खोकं दुसऱ्या फळीवर ठेवलं. मागच्या खोलीतून बाबा खोकले.

तो गेल्यावर बाबांनी मला आत बोलावलं. वळहून इतक्या लांब मानूस कागद न्यायला येतो, तिकडं दुकानं न्हाईत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला माल चांगला लागतो. बाबांच्या चेहऱ्याची जी बाजू अजून हसू शकते, ती हसली.

खरं सांगायचं तर मीही तेच समजत होते. आरशात जास्त वेळ बघायला लागले होते. कानात रोजच्या रिंगा सोडून मोत्याचे टॉप घातले आणि ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं दोनदा बघितलं... मला तेवढं पुरलं. त्या कुबट, ओल्या दुकानात माझ्यापुरता एक कोपरा कोरडा झाला होता.

मग गणपती आले आणि त्याचं येणं थांबलं.

गणपती गेले, तरी तो आला नाही. बाइकचा आवाज झाला की माझी मान आपोआप वर व्हायची. फोन नंबर कधी मागितलाच नव्हता. त्यानंही नाही, मीही नाही. पूर्णाच्या एका गोदामाला जमिनीवर पट्टे मारायला पिवळा रंग हवा होता. एरवी मी नुसता टेम्पो धाडला असता. त्या दिवशी टेम्पोत बसून गेले आणि येताना वळला उतरले. घर कुणीही दाखवलं असतं. दाखवलंच.

नवं, स्लॅबचं, दोन मजली घर. पडवीत त्याची आई, राहीबाई, पापडाचं पीठ मळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अंबाडीची रंगवाली तूच काय गो?"

म्हणजे घरात माझं नाव निघालं होतं. पायरी चढताना पाय हलके झाले.

"ये, आत ये. कपाट बघाया आलीस ना? बघ तूच आता. कोन तरी सांगा त्याला."

ग्रॅनाइटच्या ओट्याच्या आणि चकचकीत टाइल्सच्या त्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळ ते कपाट उभं होतं. त्याचं खालचं डावं दार पूर्ण घासलेलं होतं. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं होतं, त्याच्या रेघा इतक्या सुंदर की हात लावावासा वाटावा. उजवं दार हिरवंच होतं. फक्त वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा घासलेली, आणि तिथे काळपट डाग. बाकी सगळं हिरवं.

हे धनेशनं केलं का, मी विचारलं.

राहीबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "त्यानं कसलं गो. माझ्या सुनेनं. मृणालीनं. दोन वर्सां झाली तिला जाऊन." मग त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. दारातून दिसणाऱ्या भिंतीवर चंदनाच्या हारातला फोटो होता. हसरा चेहरा, चष्मा, खांद्यावर एक वेणी.

त्या सांगत राहिल्या. कपाट मृणालीच्या माहेरचं, भिवंडीतल्या ब्राह्मण आळीतलं. आईवडील लहान फ्लॅटमध्ये गेले, कपाट मावेना, तेव्हा तिनं हट्टानं इकडे आणलं. सुट्टीच्या दिवशी फतकल मारून घासत बसायची. मग ताप आला... साधा वाटला, आणि हां हां म्हणता सगळं आटोपलं. त्या दिवसापासून कपाट असंच आहे. त्यात ना काही ठेवतात, ना काढतात.

"मी सांगते त्याला, एक तर पुरं कर, न्हाय तर कुनाला दे. ऐकत न्हाय. नुसता कागद आनतो नि ठेवतो." असं म्हणून त्यांनी मधला खण ओढला.

आत माझेच कागद होते. मी गुंडाळलेले, मी रबर लावलेले, एकही न उघडलेला. ब्रश होते, पत्ती होती. खण गच्च भरला होता.

मी चहा घेतला नाही. उशीर होतोय म्हटलं आणि निघाले. परतीच्या जीपमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. बाहेर गोदामांमागून गोदामं जात होती, सगळी एकाच रंगाच्या पत्र्यांची. मोत्याचे टॉप काढून पर्समध्ये टाकले. तो येत होता ते माझ्याकडे नव्हतंच. तो मेलेल्या बायकोचं काम पुरं करायला निघायचा आणि धीर न होऊन परत फिरायचा. मधे कुठेतरी माझं दुकान लागायचं, एवढंच.

चारपाच दिवसांनी तो आला. आई सगळं बोलली असणार, कारण पायरीवरच थांबला.

"काय हवं?" मी विचारलं. "खणात जागा आहे का अजून?"

पाऊस पागोळ्यांनी त्याच्या खांद्यावर पडत होता आणि तो बाजूला होत नव्हता. मला राग आला होता, पण माणसाला असं भिजत ठेवण्याइतका नाही. आत या म्हटलं. तो स्टुलावर बसला आणि खाली बघत सांगू लागला, की वळला आणि पूर्णाला दुकानं आहेत, पण सगळे ओळखीचे. कागद मागितला की विचारतात, वहिनींचं कपाट झालं का? त्या प्रश्नाची त्याला भीती बसली होती. त्या दिवशी नाक्यावर गाडी अडकली आणि त्याला एक दुकान सापडलं, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"म्हणून येत होतात."

"आधी म्हणून." तो थांबला. "मग... मग घरातून निघताना मी कागदाचं कारण शोधायला लागलो. गणपतीत तिचा फोटो पुसत होतो आणि माझ्या डोक्यात काय, तर तुमच्या कानातले मोती. मला माझीच लाज वाटली, मेघाली. म्हणून आलो नाही."

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं, आणि तेही असं... गुन्हा कबूल केल्यासारखं.

मला रडू आलं असतं, पण मागच्या खोलीत बाबा जागे होते. मी गल्ल्यावरचा धुळीनं भरलेला कपडा उचलला, घडी घातली, परत उलगडला. मग म्हटलं, "त्या कपाटाचं काय करणार?"

"तुम्ही सांगा. पुरं घासू? की तसंच ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

"मी नाही सांगणार. घासा म्हटलं तर तिच्या हाताची खूण पुसायला मी सांगितलं असं होईल. ठेवा म्हटलं, तर उद्या..." उद्या मी त्या घरात आले तर रोज भाजी चिरताना ते अर्धं दार माझ्याकडे बघत राहील, हे कसं सांगायचं? "ते ज्यांचं होतं, त्यांना विचारा."

तो दचकला. वर्षश्राद्धानंतर तो सासरी गेला नव्हता. दारात उभं राहायला तोंड नाही म्हणायचा. तिचा ताप वेळेत ओळखला नाही हे त्याच्या मनात होतं. सासूबाईंच्या, सरलाताईंच्याही मनात ते असेल असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, एकटं जायचं नसेल तर मी येते. बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी काय कबूल केलं.

दसरा झाल्यावर आम्ही भिवंडीला गेलो. आभाळ तेव्हाही भरलेलंच होतं. खालच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड सुरू होती आणि ती जिन्यातून वरपर्यंत आमच्याबरोबर आली. दार सरलाताईंनी उघडलं. आत खुर्चीत मृणालीचे वडील, शरच्चंद्र, पेपर धरून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि पेपर परत वर धरला.

सरलाताईंनी धनेशकडे बघितलं, मग त्याच्या मागे चपला काढत असलेल्या माझ्याकडे. ही कोण, असं विचारलं. अंबाडीला यांचं रंगाचं दुकान आहे, असं त्यानं सांगितलं. त्यांना सगळं तिथेच कळलं असावं. त्यांनी पाणी आणलं, तेव्हा पेला माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

धनेशनं अडखळत विचारलं. कपाट पुरं करू का, आई? की तुम्ही घेऊन जाता?

सरलाताईंनी ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर भाजल्याचा जुना, चकाकणारा व्रण होता.

"मृणाली तीन वर्षांची असताना स्टोव्ह भडकला. मी पोरीला ओढलं, पण कपाटाचं दार जळलं. आमच्या सासूबाईंचं कपाट. ते काळं दार रोज बघवेना, म्हणून मीच हिरवा रंग दिला. दर दिवाळीला देत राहिले. तिला कधी सांगितलं नव्हतं."

"आई, तो काळा डाग..." धनेश म्हणाला.

"तोच. तिला तो लागला तेव्हा तिनं मला फोन केला. आई, आत जळकं आहे गं. मी सगळं सांगितलं. खूप रडली. मग म्हणाली, मी आता घासत नाही, परत रंग देते. पण या वेळी हिरवा नको. म्हणाली, धनेश सगळ्यांना सागवान सागवान सांगत सुटलाय, त्याला कसं समजावू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्यानंतर तिला ताप आला. तू समजतोस तसं तिचं काही अर्धं राहिलेलं नाही रे. तिनं ठरवून थांबवलं होतं."

धनेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. मी जागची उठले नाही. उठायचा हक्क माझा नव्हता. सरलाताई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पेपरमागे शरच्चंद्र काका चष्मा पुसत होते.

कुठला रंग, हे मृणालीनं सांगितलं होतं का, असं मी हळूच विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, ते राहिलं.

निघताना जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं. "तू बरी मुलगी दिसतेस. लग्न करा. पण मला बोलवू नका. मी येणार नाही. त्या घरात दुसरं कुणी वावरताना मला बघवणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलंच. पण खोटं बोलल्या असत्या तर जास्त वाटलं असतं. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

रंग धनेशनं निवडला. आमच्या दुकानात शेडकार्ड घेऊन सबंध दुपार बसला. मी मदत केली नाही. तुम्ही सांगा, तुम्ही सांगा करत शेवटी त्यानं फिकट पिवळ्यावर बोट ठेवलं. दिवाळीच्या आधी पाऊस एकदाचा गेला आणि वळच्या पडवीत कपाट बाहेर आलं. त्यानं स्वतःच रंग दिला. इतका वाईट, की राहीबाई म्हणाल्या, "म्हशीला पन याहून बरा रंग लावतात रे." तो हसला. त्याचं हसू मी पहिल्यांदा पुरतं बघितलं. त्यानं आधी जळकं दार रंगवलं, मग हात आखडता घेत ते मधाच्या रंगाचं लाकूड. त्यावर ब्रश टेकवण्याआधी तो थांबला होता. मी पाठ फिरवून विहिरीकडे बघत राहिले.

मग त्यानं हाक मारली. आतले कप्पे राहिले होते. त्यानं ब्रश माझ्यापुढे धरला.

"आता हे तिचं नाही... म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला..."

"तिचंही आहे," मी म्हटलं. "असू दे."

"आणि तुझं?"

त्यानं पहिल्यांदा अगंतुगं केलं. मी ब्रश घेतला. "बाबांना बरोबर आणणार मी. खाट खिडकीपाशी लागेल त्यांची. दुकान सोडणार नाही, रोज जाईन. चालेल?"

"खिडकी मोजून ठेवलीय मी," तो म्हणाला. "खाट बसते."

गुडघे टेकून, डोकं कपाटात घालून मी रंग देत राहिले. आतमध्ये मी रडत होते की हसत होते, ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं. त्याचा हात माझ्या पाठीवर, अगदी हलका, टेकलेला होता.

तुळशीचं लग्न झालं, मग आमचं झालं. फार माणसं नव्हती. सरलाताई आल्या नाहीत. आम्ही बोलावलंही नव्हतं.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी, दुपारचे, शरच्चंद्र काका आले. एकटेच, छत्री घेऊन, ऊन असताना. धनेश ड्युटीवर, राहीबाई बाबांशी गप्पा मारत पडवीत. काका सरळ स्वयंपाकघरात आले. कपाटासमोर उभे राहिले, पिवळ्या दारावरून बोटं फिरवली. मी घाबरून ओट्याला टेकून उभी.

"सरलेला सांगून आलोय," ते म्हणाले. "नको जाऊ म्हणाली नाही."

मग चहा मिळेल का, विचारलं. मी आधण ठेवलं. त्यांनी कपाटाचं वरचं दार उघडलं, आत हात घातला आणि चाचपत राहिले.

"साखर इथे नाही का?"

"खालच्या कप्प्यात आहे."

"सरला वर ठेवायची. मृणालीही."

मी गॅस बारीक केला. "वर ठेवू का मग, काका?"

त्यांनी दार लोटलं, वाकून खालच्या कप्प्यातून डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या हाताशी येते तिथेच ठेव."